थोरलीच्या पंपावरचं सील

सर्वांस,

हे मृत्युपत्र आहे, पण मी ठणठणीत आहे. पाकीट उघडल्याबरोबर कोणी धावत येऊ नये. वकील म्हणाले, मृत्युपत्रात ख्यालीखुशाली विचारत नाहीत. मी म्हटलं, माणसाची चौकशी केल्याशिवाय मी कधी साधी चिठ्ठी लिहिली नाही, तर एवढा मोठा कागद कसा सुरू करू?

तर मुला, तुझी कंबर कशी आहे? ट्रान्सपोर्ट कंपनीच्या खुर्चीत बसून बसून ती गेली हे डॉक्टरांनी सांगितलं, मी फक्त मान हलवली. पट्टा बांधतोस की खुंटीला टांगतोस? सूनबाई, डोकं दुखायचं थांबलं का? इथे होतीस तेव्हा डिझेलच्या वासाने दुखायचं म्हणायचीस. आता तिकडे वास नाही, तरी दुखतंय म्हणजे एकदा डोळे तपासून घे. लेकी, तुझा घसा? चाळीस पोरांच्या वर्गात ओरडण्यापेक्षा गप्प उभं राहावं, पोरं आपोआप घाबरतात, हे मी तुला किती वेळा सांगितलं. नाती, तू तर रोज समोर असतेस, पण मनगटावर भाजलंय ते बाही खाली ओढून लपवतेस, म्हणून तुलाही विचारते.

जाऊबाई, तुमचे गुडघे कसे आहेत? जिने चढवतात का?

आणि भाऊजी, तुमचा डोळा? ऑपरेशन झाल्याचं टायरवाल्या नानांकडून कळलं. एकवीस वर्षं तुमची प्रत्येक बातमी मला नानांच्या दुकानावरून कळते. त्यांच्याकडे टायर बदलायला येणारा प्रत्येक ड्रायव्हर तुम्हाला ओळखतो, आणि नाना टायर काढता काढता माणसाकडून सगळं काढून घेतात. डोळ्याने आता स्वच्छ दिसतं का? हे मी नुसतं विचारायचं म्हणून विचारत नाही. पुढे कारण येईल.

आता मूळ कागद.

मी, खाली सही करणार (अजून केलेली नाही, का ते शेवटी लिहिलं आहे), वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा डिझेल इंजिनांचे पंप व नोजल दुरुस्त करणे, राहणार वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्या, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी व स्मरणशक्ती शाबूत आहे, मला कोणी धाक घातलेला नाही, आणि घालून बघायची कोणाची छातीही नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझा स्वतःचा दाखला असा, की काल सकाळी एका सहा सिलिंडरच्या पंपाच्या सहाही नळ्या मी एका रेषेत आणल्या.

हे काय ते वकिलांना कळलं नाही, म्हणजे कोर्टालाही कळणार नाही, म्हणून सांगते. ट्रकच्या इंजिनात डिझेल आपोआप जात नाही. पंप ते मोजून ढकलतो आणि नोजल त्याची फवारणी करतं. पंप दुरुस्त झाला की मी तो बेंचवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, चढवते, फिरवते, आणि सहा सिलिंडरांचं डिझेल सहा काचेच्या नळ्यांत पडतं. हजार फटक्यांना ठरलेलं माप भरलं पाहिजे आणि सहाही नळ्यांत सारखं भरलं पाहिजे. मग माप ठरवणाऱ्या स्क्रूवर तार ओवून शिशाचं सील दाबायचं, म्हणजे मागाहून कोणी हात लावला तर कळतं. प्रत्येक मिस्त्रीच्या पक्कडीत त्याचा छाप असतो. माझा छाप तीन ठिपक्यांचा. या रस्त्याने जाणारा कोणीही ड्रायव्हर तीन ठिपके बघतो आणि बॉनेट बंद करतो.

हे शिकले कशी, तेही एकदा लिहूनच ठेवते, कारण माझ्यामागे तुम्ही काहीतरी भलतंच सांगाल. यजमान ट्रक चालवायचे, त्यांचा डबा घेऊन मी पंपाच्या मिस्त्रींकडे थांबायची. एकदा मिस्त्रींनी एक मेलेला पंप फेकून दिला. तो मी पदराखाली घालून घरी आणला, स्वयंपाकघरातल्या परातीत उघडला आणि तीन आठवडे जोडत बसले. शेवटी जोडला तेव्हा दोन वायसर उरले. मिस्त्रींना दाखवलं तर ते म्हणाले, "बाई, कंपनीने दोन जास्तच घातले असतील." आणि दुसऱ्या दिवसापासून नोजल धुवायला बसवलं.

कलम पहिले. मागच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे. मात्र नात जोवर वर्कशॉप चालवील तोवर तिला तिथून कोणी हलवू नये. परात तिची.

कलम दुसरे. बँकेतली ठेव सगळी मुलीला. मुला, तोंड वाकडं करू नकोस. शाळेतून आल्यावर तुम्ही सगळे खेळायला जात होतात आणि ही माझ्या रजिस्टरमध्ये प्रत्येक पंपाचं माप लिहीत बसायची. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय आपटल्यासारखं. तिच्या अक्षरामुळे वर्कशॉप वर्कशॉपासारखं दिसलं. त्याबद्दल तिला कधी कोणी एक गोळीसुद्धा दिली नाही.

कलम तिसरे. पंपाच्या खोलीतला ओला फडका, बादली आणि उंबरठ्याबाहेरचा चपलांचा खोका सूनबाईला. ती नवी आली तेव्हा मी त्या खोलीत दिवसातून तीनदा फरशी पुसायची, कारण धुळीचा एक कण नोजलमध्ये गेला तर काम फुकट. एकदा ही दारात उभी राहून म्हणाली, "आई, स्वयंपाकघराला तुमचा एवढा जीव असता तर मी सुखाने मेले असते." मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी स्वयंपाकघर पुसलं. ती बरोबर होती, एवढंच कागदावर यावं म्हणून हे कलम.

कलम चौथे लिहून खोडलं. स्पेअर पार्टच्या दुकानदाराबद्दल होतं. पहिल्या दिवशी मी काउंटरवर नोजलची सुई मागितली तेव्हा ते म्हणाले होते, "बाई, शिलाईच्या सुया पलीकडच्या दुकानात." चाळीस वर्षं मी ते धरून बसले. गेल्या वर्षी मी आजारी पडले तर हेच दुकानदार वर्कशॉपच्या ओट्यावर बसून येणाऱ्या गिऱ्हाईकांना "थांबा, मावशी येतायत" सांगत होते. म्हणून खोडलं. पण काय खोडलं ते त्यांना वाचून दाखवावं.

कलम पाचवे. हेच खरं मृत्युपत्र. बाकीचं बाजूला ठेवलं तरी चालेल.

पत्र्याच्या शेडखाली उभा असलेला आपला ट्रक, ज्याला आपण सगळे थोरली म्हणतो, ती व तिचं इंजिन, पंप, नोजल, तसेच बेंच, पक्कड व सगळी रजिस्टरं नातीला.

मुला, तुझं म्हणणं मला माहीत आहे. गेल्या खेपेला आलास तेव्हा चहा पिताना झालेलं बोलणं मी विसरलेले नाही.

तू म्हणालास, "आई, तीस वर्षांचं इंजिन आहे. भंगारवाल्याला बोलावतो. किलोवर जाईल."

नात म्हणाली, "बाबा, तुम्हालाही किलोवरच घेतील. विकायचं का?"

"अगं, एकशे बारा हॉर्सपॉवर. आजकाल एवढी ताकद लहान टेम्पोला असते. फार तर कॉम्प्युटरवालं जुनं इंजिन आणून बसव."

"ते बसवलं की वायरिंग बदला, गिअरबॉक्स बदला, पाइप बदला. मग राहिलं काय, आरसा? हेच इंजिन एकशे चाळीसला नेते. लोखंड जाड आहे, सोसेल."

"आणि एवढी ताकद घेऊन करणार काय?"

तेव्हा तिने सांगितलं. थोरलीच्या मागे क्रेन बसवायची आणि डोंगरावरच्या चढात बंद पडलेल्या भरलेल्या गाड्या ओढून आणायच्या. त्या रस्त्यावर आजही कोणाची गाडी बंद पडली तर ड्रायव्हर दोन-दोन दिवस दगड लावून बसतात. तू हसलास. मी हसले नाही, कारण तिथे दोन दिवस दगड लावून बसलेला एक ड्रायव्हर माझ्या घरातला होता.

एकशे चाळीस कसे करायचे याचा हिशेब तिला हवा होता, म्हणून ती माझी जुनी रजिस्टरं काढून बसली. थोरलीच्या पंपाचं दर वर्षीचं माप बघत एकवीस वर्षांमागे गेली. आणि मग रजिस्टर घेऊन माझ्यासमोर आली.

"आजी, एकाच पंपाचं एकाच आठवड्यात दोनदा माप कसं? आधी हजार फटक्यांना सत्तर मिलिलिटर, मग चार दिवसांनी ब्याऐंशी. बाकी सगळं रजिस्टर आत्याच्या अक्षरात आहे. हे ब्याऐंशी पेन्सिलीने आहे, आणि तुझ्या अक्षरात."

मी चष्मा पुसत बसले. ती म्हणाली, "चष्मा स्वच्छ आहे, आजी."

मग मी तिला सांगितलं, आणि आता तुम्हा सर्वांना सांगते.

त्या काळी थोरली भाऊजी चालवायचे. माल भरला की चढावर ती रांगायची. मागून येणारे ड्रायव्हर हॉर्न मारत पुढे जायचे आणि चहाच्या टपरीवर भाऊजींना म्हणायचे, "घरात पंपाची मिस्त्रीण, आणि गाडी बघा, उतरून ढकला." भाऊजी ते हसत येऊन मला सांगायचे आणि म्हणायचे, "वहिनी, जरा स्क्रू फिरवा ना. थोडं जास्त डिझेल दिलंत तर काय तिजोरी रिकामी होते?" मी सगळ्यांसमोर ठणकावून सांगायची, "माझं सील आहे त्यावर. माप म्हणजे माप."

भाऊजी, तुम्ही हसत सांगत होतात, पण मला ते लागत होतं. टपरीवर माझ्या हाताची चेष्टा होत होती. एका सकाळी तुम्ही माल भरायला निघायच्या आधी मी एकटी शेडमध्ये गेले, माझंच सील कापलं, स्क्रू पाऊण आटा फिरवला आणि नवं सील दाबलं. तीन ठिपके. बेंचवर मापसुद्धा घेतलं नाही, जिने आयुष्यभर दुसऱ्यांना मापावरून रागे भरलं तिने. माझ्या मनात असं होतं, की तुम्ही चढ सरसर चढून परत याल, म्हणाल वहिनी आज गाडीला काय झालं, आणि मग मी सांगीन.

तुम्ही तिसऱ्या दिवशी परत आलात, दुसऱ्याच्या ट्रकला दोर बांधून.

इंजिन उघडलं तर चौथ्या सिलिंडरच्या पिस्टनचं डोकं मेणासारखं वितळलेलं. यजमान, तुम्ही, मी आणि मुलगा, चौघंच होतो शेडमध्ये.

यजमानांनी विचारलं, "काय केलंस रे?"

तुम्ही म्हणालात, "काही नाही दादा, रोजच्यासारखी चालवली. चढाला लागल्यावर काळा धूर ओकायला लागली. थांबवीपर्यंत गेली. पंप जास्त देतोय."

"पाण्याच्या काट्याकडे लक्ष होतं का?"

"काट्यावरच नजर होती."

"मग पंप कसा जास्त देतोय? हे बघ सील. तीन ठिपके. वहिनीच्या सीलवर बोट ठेवतोस?"

मुलगा म्हणाला, "काका, झोप लागली असेल तर तसं सांगा. पंपावर कशाला ढकलता?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "वहिनी, तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "सील माझंच आहे."

ते खरं होतं. एवढं खरं बोलून मी इतकं मोठं खोटं बोलले. संध्याकाळी तुम्ही जाऊबाईंना आणि दोन ट्रंका घेऊन गेलात. दुसऱ्या दिवशी मी पंप बेंचवर चढवला. नळ्या ब्याऐंशीपर्यंत भरल्या. ते मी पेन्सिलीने लिहून ठेवलं, कारण रजिस्टरमध्ये खोटं लिहायला हात वळला नाही. मग स्क्रू परत सत्तरवर आणला आणि पुन्हा सील लावलं. यजमान अकरा वर्षांपूर्वी गेले, त्यांना हे कळलं नाही. शेवटच्या आजारात ते एकदा म्हणाले, "धाकटा काट्याकडे बघितल्याशिवाय गाडी चालवणाऱ्यातला नव्हता गं." मी त्यांची उशी सारखी करत होते. उशी सारखी करत राहिले.

नातीला हे सगळं सांगून झालं. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "मग धाकट्या आजोबांना कधी सांगणार?"

मी म्हटलं, "लिहून ठेवते मृत्युपत्रात. माझ्यामागे वाचतील."

"म्हणजे त्यांना काही बोलायचं असेल तर ते कोणाशी बोलणार? भिंतीशी?"

म्हणून हा कागद माझ्यामागे नाही, आत्ताच निघाला आहे. प्रती तीन केल्या आहेत, एक मुलाकडे, एक मुलीकडे, एक भाऊजींकडे. मुला, तुझं त्या दिवशीचं वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं. तू सत्तावीस वर्षांचा होतास आणि तुझ्या आईच्या सीलवर विश्वास ठेवून बोललास. दोष सीलचा, तुझा नाही. तरी तू काकांना वेगळं पत्र लिहावंस असं मला वाटतं. ट्रान्सपोर्ट कंपनीच्या भाषेत नको.

कलम सहावे. थोरलीची ताकद वाढवण्याबद्दल. वकील म्हणतात हे मृत्युपत्रात बसत नाही. बसवलं आहे.

नातीने ताकद अवश्य वाढवावी. मी एकवीस वर्षं त्या स्क्रूकडे बोट केलं तरी ओरडत होते, ते आता मागे घेते. ताकद वाढवण्यात चूक नव्हती. मी फक्त डिझेल वाढवलं आणि बाकी काही केलं नाही, चूक ती होती. इंजिनाला डिझेल जास्त द्यायचं तर आधी त्याला श्वास जास्त द्यावा लागतो. नाही तर धूर होतो, धुराची धग होते, आणि ती धग पिस्टनवर बसते. काळा धूर म्हणजे इंजिन सांगतंय की मला हवा कमी पडते. भाऊजींनी हेच सांगितलं होतं.

म्हणून क्रम असा, आणि तो मोडू नये. सगळ्यात आधी ब्रेक आणि क्लच, कारण जोरात जाणाऱ्याने आधी थांबायला शिकावं. मग रेडिएटर उकलून साफ करावा. त्यानंतर टर्बो. जुना थकला आहे, त्याच्या जागी जरा मोठा नवा, पण फार मोठा नको, नाही तर कमी फेऱ्यांना तो आळसावतो आणि चढावर आपल्याला कमी फेऱ्यांनाच काम असतं. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते, म्हणून टर्बो आणि इंजिनाच्या मध्ये हवा गार करणारा कूलर बसवावा. थोरलीला तो कधी नव्हताच. खरी ताकद त्या कूलरमध्ये आहे हे मला नातीनेच शिकवलं. गार हवा तेवढ्याच जागेत जास्त मावते, आणि पिस्टनही निवांत राहतो. सायलेन्सरचा पाइप एक बोट रुंद करावा. नोजल सहाही नवे, एकाच दाबाला उघडणारे.

आणि हे सगळं झाल्यावर, शेवटी, स्क्रू. सत्तरवरून एकदम नाही. चौऱ्याहत्तर, मग चढावर चालवून बघायचं, मग सत्याहत्तर, मग ऐंशी. ऐंशीच्या पुढे माझ्या हयातीत नाही आणि नंतरही नाही. एकशे चाळीस हॉर्सपॉवर तेवढ्यात होतात. त्याहून जास्त हवी असेल तर गिअरबॉक्सला विचारावं. धूर-तपासणीत गाडी पास झाली पाहिजे, हे वेगळं सांगायला नको.

धुराच्या पाइपला तापमान दाखवणारा वेगळा काटा लावावा. तो पाण्याच्या काट्याच्या कितीतरी आधी बोलतो. साडेसहाशे अंशांच्या वर सरकला की पाय उचलायचा. तो काटा त्या दिवशी थोरलीत असता तर भाऊजींच्या शब्दाला साक्ष मिळाली असती. तसा काटा मी विकत आणून ठेवला आहे. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला बसवावा, चालवणाऱ्याच्या नाही, शेजारी बसणाऱ्याच्या समोर. कारण पुढच्या कलमात.

टर्बो, कूलर, पाइप, नोजल, ब्रेक, क्लच हे सगळं नातीने गेल्या चार महिन्यांत उरकलं आहे. हात भाजला तो पाइपावर. पंप मात्र बेंचवर सत्तरवर तसाच आहे. सील लावलेलं नाही.

कलम सातवे. थोरली नव्या ताकदीने पहिल्यांदा तो चढ चढेल तेव्हा नात चालवील आणि शेजारी भाऊजी बसतील. काट्यावर नजर त्यांची. ते "थांब" म्हणाले की थांबायचं. का, कशाला, काटा तर खाली आहे, असं कोणी म्हणायचं नाही. मुलगा मागे क्रेनजवळ बसला तरी चालेल, पट्टा बांधून. भाऊजी, डोळ्याचं विचारलं ते यासाठी.

माझी पक्कड मी नातीला दिली आहे, पण थोरलीच्या पंपावर शेवटी जे सील लागेल ते ती किंवा मी दाबणार नाही. नळ्या ऐंशीवर आलेल्या भाऊजींनी स्वतःच्या डोळ्यांनी बघाव्यात आणि स्वतःच्या हाताने सील दाबावं. छाप माझा, हात त्यांचा. त्यानंतर त्या सीलवर कोणी बोट ठेवलं तर मी वरून खाली येईन.

कलम आठवे. माझ्यामागे वर्कशॉप एका दिवसापेक्षा जास्त बंद ठेवू नये. ज्याचा पंप बेंचवर असेल त्याची गाडी कुठेतरी उभी असते.

आता भाऊजी, फक्त तुमच्याशी. तुम्ही म्हणाल, सगळ्यांना काही ना काही दिलं आणि माझं नावच नाही. त्याचं असं आहे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि वकील म्हणतात की साक्षीदाराला व त्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काही देऊ नये. पहिले साक्षीदार टायरवाले नाना. ते कधीही यायला तयार आहेत, कारण आपल्याकडे चहा चांगला असतो. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी मी तुम्हाला ठेवलं आहे. एकदा तुमची साक्ष खोटी पाडली गेली. आता माझ्या आयुष्यातला शेवटचा कागद तुमच्या साक्षीशिवाय खरा होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

म्हणून तुमचं जे आहे ते मृत्युपत्राच्या बाहेर, आत्ताच, याच पाकिटात पाठवते आहे. नोजलच्या छोट्या डबीत ते शिशाचं सील आहे. इंजिन उघडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पंपावरून कापलेलं, तीन ठिपक्यांचं. एकवीस वर्षं मी ते टाकूही शकले नाही आणि दाखवूही शकले नाही. ते तुमचं आहे. ठेवा, फेका, नाहीतर टपरीवर सगळ्यांना दाखवा. मी वाईट वाटून घेणार नाही.

माफी मागते असं लिहिलं होतं, पण लिहून पाठवलेली माफी म्हणजे पोस्टमनने मागितल्यासारखी वाटली. तुम्ही आलात की तोंडाने मागीन. तुम्ही रागावलात तर शेडमध्येच रागवा, तिथूनच सुरू झालं होतं. जाऊबाईंनाही घेऊन या. पंपाच्या खोलीला एकच पायरी आहे, गुडघ्यांना त्रास होणार नाही.

वकील म्हणतात, सही लवकर उरका, वयाचा भरवसा नाही. मी त्यांना म्हटलं, भाऊजींनी एकवीस वर्षं थांबायचं आणि मी दोन महिने थांबू नये का? नातीने थोरलीचं बॉनेट उघडंच ठेवलं आहे. रोज सकाळी ती त्याच्यावरची धूळ पुसते आणि माझ्याकडे न बघता विचारते, "पोस्ट आली का?"

येणार की नाही ते दोन ओळींत कळवा. नाही म्हणालात तरी पत्र पाठवा. पण लवकर पाठवा.

लिहून ठेवणार: सही दोन्ही साक्षीदारांसमोर करीन

साक्षीदार पहिले: टायरवाले नाना (बोलावल्याबरोबर हजर)

साक्षीदार दुसरे: भाऊजी (जागा मोकळी ठेवली आहे)

स्थळ: पंपाची खोली, बेंचसमोर

तारीख: तुम्ही कळवाल ती